वन्संच्या कपाटाच्या काळ्या बिजागऱ्या

वन्सं,

तुम्ही गेलात तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्यांना ते चालणार नाही. त्यांना ‘आधार गेला’, ‘मोठी पोकळी निर्माण झाली’ असं काही म्हणायचं असतं आणि आपण मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असते. मी डोलवते. पोकळी कसली? तुमच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, अजूनही नाही. जुने दिवाळी अंक पलंगाखाली, डबे पलंगावर, आणि गॅलरीच्या दाराशी तो तुमचा गरुड.

एवढंच झालं की कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. त्याची घरघर समोरच्या दारातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची, आणि ती ऐकू आली की तुम्ही आहात हे कळायचं. पण तुम्ही कशा आहात तेही कळायचं. शेवटी शेवटी तर एक वाक्य बोलायला तुम्हाला दोनदा थांबावं लागायचं, आणि तुम्ही तर कधी कोणासाठी थांबणाऱ्या नव्हतात. म्हणून त्या दुपारी, जेवणानंतरच्या झोपेतच, स्वतःच्या पलंगावर, कुठलीही नळी नाकातोंडात न खुपसता तुम्ही निघून गेलात, तेव्हा मी खुर्चीत बसले आणि मला बरं वाटलं. तुम्हाला हवं होतं तसंच झालं. मशीन भाड्याने देणाऱ्याचा माणूस ते उचलून न्यायला आला, तेव्हा त्याला मी चहासुद्धा दिला.

पण माझी काळजी संपली नव्हती. तुमचं कपाट अर्धवट होतं.

वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं, कारण तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, असं तुम्ही मानत आलात. तुम्ही माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाहीत. अंबरनाथला, आनंदनगरच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात नोकरी केलीत आणि निवृत्त झाल्यावर बदलापूरला आमच्या समोरचं घर घेतलंत. ‘भावासाठी नाही हं, स्टेशन जवळ पडतं म्हणून,’ असं तुम्ही वास्तुशांतीलाच जाहीर केलं होतं.

तुम्हाला चमकणाऱ्या वस्तूंचा राग होता. निरोप समारंभात कारखान्याने तुम्हाला पंख पसरलेला चकचकीत गरुड दिला. साहेबांनी भाषणात तुम्हाला ‘आमच्या कुटुंबाचा कणा’ म्हटलं, आणि तुमचं नाव चुकीचं घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात गरुडाचा मुलामा पापुद्र्यांनी सुटला. तो तुम्ही गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवलात. “आता कुठे कामाला लागलाय,” म्हणालात.

मग तुम्ही सागवानी कपाट करून घेतलंत. तुमची पुस्तकं त्यात भरायची आणि कपाट इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवायचं, जिथे कॅरम बोर्ड आणि तुटक्या खुर्च्या असतात. ज्याला हवं त्याने पुस्तक न्यावं, वाचून आणून ठेवावं. नोंद नाही, वर्गणी नाही, कुलूप नाही. मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात बसलेली, मी म्हटलं, “वन्सं, महिन्याभरात कपाट रिकामं होईल.”

“मग काय कपाट भरलेलं राहावं म्हणून पुस्तकं ठेवतेय का मी?”



सुतार म्हणाला, बिजागऱ्या, मुठी, स्क्रू, दार धरून ठेवणारे स्प्रिंगचे चिमटे, हे सामान तुम्ही आणा. आपण दोघी विठ्ठलवाडीला उतरून शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनला गेलो. दुकानात सगळं इतकं लखलखीत होतं की तुम्ही गॉगल विसरलात म्हणून हळहळलात. दुकानदार सिंधी, वयाने आपल्याएवढाच, गोडबोल्या. तो म्हणाला, “माताजी, काला चाहिए तो काला है ना. अँटिक. हॉटेलवाले हेच घेतात.” त्याने काढून दाखवलेली काळी बिजागरी तुम्ही नखाने खरवडलीत. खालून चांदी डोकावली.

“हा रंग आहे.”

“माताजी, सब रंगच असतो.”

“मग नको. पांढरं द्या. काळं आम्ही घरी करू.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

तर अशी आपली भांडणं सुरू झाली. तुमची पद्धत भाजण्याची. लोखंड तापवायचं आणि तेलात बुडवायचं, झालं. “तव्याला आपण काय करतो? तापवतो, तेल लावतो. तो काळा होतो आणि गंजत नाही. बिजागरी म्हणजे काय वेगळं?” तुम्ही दुकानातून आणलेली बिजागरी तशीच सांडशीत धरून गॅसवर ठेवलीत, आणि तिच्यातून पांढरा धूर निघायला लागला. मी ओरडले. कधी नव्हे ते तुम्ही माझं ऐकलंत, गॅस बंद केलात, सगळ्या खिडक्या उघडल्यात. ती चमक लोखंडाची नव्हतीच. वर जस्ताचा मुलामा होता, आणि तापलेल्या जस्ताचा धूर छातीला वाईट.

“हे तू कुठे वाचलंस?”

“कुठेतरी.”

“तुझं सगळं कुठेतरीच वाचलेलं असतं.”

मग स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून पांढरं व्हिनेगर आणलं आणि बिजागऱ्या त्यात बुडवून ठेवल्या. बारीक बुडबुडे आले, संध्याकाळपर्यंत चमक उतरली आणि खाली राखाडी, साधं, कामसू लोखंड दिसलं. तुमचा चेहरा असा फुलला, जणू एखाद्या पुढाऱ्याची टोपी उडून टक्कल दिसलं असावं. धुऊन, घासून, कोरडी करून तुम्ही पहिली बिजागरी आचेवर धरलीत. ती गव्हाळ झाली, मग जांभळी, मग मोरपिशी निळी. मी म्हटलं, “इथेच थांबा, किती छान दिसतेय.” तुम्ही थांबला नाहीत. निळा रंग मरून राखाडी झाल्यावर ती जवसाच्या तेलात सोडलीत. चर्र आवाज झाला, धूर झाला, शेजारच्यांनी मासे कुठून आणले म्हणून विचारलं. बाहेर काढली तेव्हा ती काळी होती. रंगवलेली नव्हे, आतून काळी. पुसून पुन्हा तापवलीत, पुन्हा बुडवलीत. मान्य करते, सुंदर होती.

माझी पद्धत वेगळी. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते, एवढं मला माहीत होतं. मग लोखंडावरच शाई का करू नये? बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून बायका रानभाज्या घेऊन बाजारात बसतात, त्यांच्यातल्या एकीकडे हिरडे होते.

“खोकल्याला पायजेत का गो ताई?” तिने विचारलं.

“नाही, बिजागऱ्यांना.”

तिने हिरडे मापून दिले आणि शेजारणीकडे वळली.

गंमत बघा वन्सं, तेव्हा तुमचा खोकला नुकताच सुरू झाला होता, आणि आपण दोघी हिरडा लोखंडाला पाजत होतो. तो धूर तुम्हाला भोवला का, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. शेवटी मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. ते म्हणाले, फुप्फुसं बरीच वर्षं आधीपासून कडक होत आली होती, एका दुपारच्या धुराचा यात काही संबंध नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना मी रिक्षात एकटीच हसले होते. तुम्हाला हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, “म्हणजे इतके दिवस तू मला धुराने मारत होतीस का?”

हिरडे कुटून उकळले. पाणी टपरीवरच्या जुनाट चहासारखं झालं. व्हिनेगरमधून काढलेले स्क्रू त्यात टाकले की बघता बघता निळसर काळे व्हायचे. धुवायचे, सुकवायचे, तेलाचं बोट फिरवायचं. आग नाही, धूर नाही. मी उत्साहात एक स्टेनलेस स्टीलची मूठही टाकली. ती दिवसभर त्या काळ्या पाण्यात बसली आणि तशीच बाहेर आली, लग्नाला निघाल्यासारखी. तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली.

“तुझं हे वरवरचं,” तुम्ही म्हणायचात. “नुसतं माखणं. माझं भाजलेलं आहे.”

“तुमचं भाजलेलं आहे, पण स्प्रिंगला भाजू नका. आच लागली की तिच्यातला जोर जातो.”

“जात नाही.”

गेला. तुम्ही चिमटे भाजलेत, तेलात बुडवलेत, छान काळे झाले, सुताराने दाराला लावले, आणि दार लावलं की ते हळूच, अदबीने, पुन्हा उघडायचं. आपण दोघी समोर उभ्या राहून ते बघत होतो. तुमचे बंधू मागून म्हणाले, “वाचायला बोलवतंय ताई.” तुम्ही त्यांना आत पाठवलंत.

चूक तुमची हे तुम्ही कबूल केलं नाहीत. दुकानदाराने हलका माल दिला, असं ठरवून मला घेऊन पुन्हा कॅम्प तीनला गेलात. त्याने चिमटा हातात घेतला, वास घेतला.

“माताजी, ये तो तळलेला आहे.”

“तळलेला नाही, काळा केलाय.”

“मी काला देतो म्हटलं तेव्हा नको बोलली तुम्ही.”

“तो रंग होता.”

“हां, पण स्प्रिंग चालू होता ना!”

नवीन चिमटे घेऊन परत येताना तुम्ही रिक्षात तोंड फिरवून बसला होतात. आणि म्हणालात, “पुन्हा भाजणार आहे मी. या वेळी कमी आचेवर.”  हे आपलं शेवटचं बाहेर जाणं असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला जिना चढवेना, आणि मग मशीन आलं. कपाट आमच्या बाहेरच्या खोलीत उभं राहिलं, चिमटे बदलायला सुताराने उतरवलेली दारं बाजूला भिंतीला टेकवून, आणि सुट्या बिजागऱ्या-स्क्रू तुमच्याकडे.

आता निलेशचं सांगते. तुमच्या चुलतभावाचा निलेश, ज्याचा फोटो बदलापुरात कोणाचाही वाढदिवस असला तरी फ्लेक्सवर असतो. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पांढरे कपडे घालून आला, यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसला, आणि जाता जाता कपाटाकडे बघून थांबला.

“काकू, हे आत्याचं ग्रंथालय ना? हे आपण माझ्या जनसंपर्क कार्यालयात ठेवू. आत्याच्या नावाने. माझा सुतार येऊन पूर्ण करेल. काचेची दारं, गोल्डन हँडल. वर नाव. रविवारी शोकसभेला लोक जमणारच आहेत, तेव्हाच फीत कापू.”

“त्यांना ते खाली ठेवायचं होतं.”

“खाली कोण बघणार, काकू? आणि दारं तर लागलेलीच नाहीत. अर्धवट वस्तू आत्याच्या नावाने ठेवायची का?”

हे मात्र खरं होतं. दारं लागलेली नव्हती. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “रविवारपर्यंत लागतील.” निलेश म्हणाला, “नाही लागली तर शनिवारी संध्याकाळी टेम्पो पाठवतो. तुम्ही त्रास नका घेऊ.”

शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, दवाखान्यात न्यायचं नाही. ती मी पाळली. दुसरी, थांबत थांबत, श्वास घेत, “माझ्या कपाटाला... चमकणारं काही... लावू नका.” माणसं शेवटी काय काय मागतात. तुम्ही एवढंच मागितलंत, आणि तेही गोल्डन हँडलच्या तावडीत चाललं होतं.

मी तुमच्या घरात सामान शोधायला गेले. भाजलेल्या बिजागऱ्या मिळाल्या, हिरड्याचे स्क्रू मिळाले, स्टीलऐवजी करायला दिलेल्या लाकडी मुठी सुताराकडे होत्या. नवीन चिमटे मिळेनात. शेवटी पलंगावरच्या बिस्किटांच्या डब्यात मिळाले, तेलकट फडक्यात बांधलेले. फडकं सोडलं आणि माझा जीवच गेला. चिमटे काळे होते. तुम्ही पुन्हा भाजले होते.

मी खाली बसले आणि तुमच्यावर चिडले. मेलेल्या माणसावर चिडण्यात एक सोय असते, मध्येच कोणी बोलत नाही. म्हटलं, झालं, आता दार उघडंच राहणार, टेम्पो येणार, तुमच्या हट्टापायी तुमचंच कपाट निलेशच्या फोटोखाली जाणार. आणि उगीच एक चिमटा अंगठ्याने दाबला.

तो परत उसळला.

पुन्हा दाबला. पुन्हा उसळला, चांगला ताठ. दुसराही. उजेडात नेऊन पाहिलं तर काळ्यात किंचित निळसर झाक. डब्याच्या तळाशी चहाची गाळणी, तिच्यात हिरड्याचा भुगा वाळून चिकटलेला.

तुमच्याजवळ दिवसभर असायची ती सुनंदा संध्याकाळी तिची राहिलेली छत्री न्यायला आली, तेव्हा तिला मी गाळणी दाखवली. ती हसायलाच लागली.

“आत्यांनी सांगितलं होतं, वहिनीला बोलू नको. मीच उकळून दिलं ना. पलंगावर ताट घेऊन बसलेल्या, चमच्याने वरखाली करायच्या. दम लागायचा तरी करायच्या. मी बोलले, आत्या, मी करते, तर मला बोलल्या, तुला नाही जमणार, हे तुझ्या वहिनीचं शास्त्र आहे.”

“असं म्हणाल्या?”

“हो. आणि बोलल्या, तिला कळलंच कधी, तर सांग, मशीनमुळे केलं. ऑक्सिजनजवळ आग लावता येत नाही म्हणून. नाहीतर ती म्हणेल, मी जिंकले.”

वन्सं, ऑक्सिजनजवळ आग लावता येत नाही हे खरं आहे. पण गॅस स्वयंपाकघरात होता, सुनंदा होती, मी होते, आमच्याकडे गॅस होता. चिमटे तसेच पांढरे ठेवता आले असते. ते दाराच्या आत असतात, कोणाला दिसतात? त्यामुळे तुमचा मुद्दा मला पूर्ण पटलेला नाही. तुम्ही असतात तर आपण यावर अजून एक पावसाळा काढला असता. पण त्या संध्याकाळी मी सुनंदाला घट्ट मिठी मारली, आणि तिला वाटलं की मी दुःखाने मारली.

शुक्रवारी सुतार आला. तुमच्या भाजलेल्या बिजागऱ्या, माझे हिरड्याचे स्क्रू, आणि तुमच्या हातचे माझ्या पद्धतीचे चिमटे. दार लागलं. लागलेलंच राहिलं. यांनी ते उगीच चार-पाच वेळा उघडून लावलं आणि मग चष्मा पुसायला गॅलरीत गेले. शनिवारी सकाळीच सोसायटीच्या पोरांकडून कपाट खाली नेऊन पुस्तकं लावली. टेम्पोवाला संध्याकाळी आला, रिकामा परत गेला.

रविवारी निलेश फोटोग्राफर, फीत आणि फ्लेक्स घेऊन आला. फ्लेक्सवर तुम्ही कोपऱ्यात होतात, पासपोर्ट फोटोतल्या, आणि तो मधोमध हात जोडून. ‘समाजभूषण’ असं तुमच्या नावाआधी छापलं होतं. खालच्या खोलीत कॅरम बोर्डाशेजारी कपाट बघून त्याचा चेहरा पडला. फोटोग्राफरने इकडून तिकडून दोन-चार फोटो काढले आणि म्हणाला, “भाऊ, यात काही उठत नाहीये. सगळं डार्क आहे.”

“काकू, हे गंजलंय का?”

“नाही रे. असंच आहे.”

“नाही म्हणजे, फोटोत दिसतच नाही ना काही.”

“तुझ्या आत्यालाही तसंच हवं होतं.”

 वाईट मुलगा नाही तो. तुम्ही आजारी असताना दोनदा फळं आणली होती, आणि तेव्हा बरोबर फोटोग्राफर नव्हता. त्याने फीत खिशात घातली, तुमच्या फोटोला हार घातला, आणि फ्लेक्स घेऊन चौकात गेला. तो अजून तिथे आहे. वारा सुटला की ‘समाज’ एकीकडे आणि ‘भूषण’ दुसरीकडे जातं. तुम्हाला बघवलं नसतं, पण तुम्हाला तो बघावा लागत नाही, हीसुद्धा मी जमेची बाजू धरते.

कपाटातून पुस्तकं जायला लागली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांच्या सूनबाई दोन जाड कादंबऱ्या घेऊन गेल्या आणि एक पाककृतींचं पुस्तक आणून ठेवलं, जे तुमचं नव्हतंच. वॉचमन दिवाळी अंकातली चित्रं बघतो. माझ्या जुन्या नोकरीचा हात अधूनमधून शिवशिवतो, कोण काय नेतं ते लिहून ठेवावंसं वाटतं. लिहीत नाही.

तुम्ही कबूल केलं नाहीत, आणि मलाही म्हणायचं राहिलं की भाजलेली बिजागरी माझ्या स्क्रूंपेक्षा जास्त सुंदर दिसते. खोल काळी, आणि हात फिरवला की गुळगुळीत. आता म्हणते.

दूध आणायला जाताना मी त्या खोलीत डोकावते. कोणीतरी दार अर्धवट उघडं टाकलेलं असतं. मी ते ढकलते आणि क्षणभर कान देते. मशीनमुळे तर मशीनमुळे, वन्सं. टक् आवाज होतो, आणि दार लागतं.